मरळीसाठी रॉड, दोरी आणि रबरी आमिष: सुरुवात पाण्यापासून करा

इंदूरमध्ये बसून ऑनलाइन मागवलेल्या रबरी आमिषाच्या पाकिटावर बहुतेक वेळा ‘बास’ लिहिलेलं असतं. बास हा उत्तर अमेरिकेचा मासा. बिलावली तलावाच्या किंवा माळव्यातल्या कुठल्याही गावतळ्याच्या पाण्यात तो शोधून सापडायचा नाही. पण त्याच्यासारखं वागणारी मरळ इथे आहे. हिंदीत तिला सौल म्हणतात. वेलींच्या सावलीत दबा धरून बसायचं आणि वरून काही सरकलं की झडप घालायची, हा दोघांचाही स्वभाव. म्हणून बासचं सामान मरळीला चालतं, पण जसंच्या तसं नाही.

फरक तोंडात आहे. बासच्या ओठाची कड पातळ असते आणि त्याच्या जबड्यात मोठे सुळे नसतात. मरळीचं तोंड हाडाचं, आत टोकदार दात, आणि जबडा एकदा मिटला की आमिष पकडीसारखं धरून ठेवणारा. गळ तिथे आपोआप रुतत नाही, तो जोर लावून घुसवावा लागतो. शिवाय मरळ हवेत श्वास घ्यायला वर येते. त्यामुळे खाली हवा कमी असलेल्या, जलकुंभीने गच्च भरलेल्या डबक्यातही ती मजेत राहते, म्हणजे नेमकी तिथेच जिथून दोरी ओढून काढणं सर्वांत अवघड.

बहुतेक लोक आधी रॉड घेतात, मग त्याला शोभेल अशी दोरी, आणि आमिष शेवटी. हा क्रम उलटा करा. पाणी कसं आहे त्यावरून आमिष ठरतं, आमिषाच्या जाडीवरून गळ, गळ घुसवायला लागणाऱ्या जोरावरून दोरी, आणि या सगळ्याचं वजन पेलणारा रॉड शेवटी. रॉड आधी घेतला तर पुढची सगळी खरेदी त्याच्या मर्जीने करावी लागते.

आधी पाणी बघा

इंदूरच्या आसपास साधारण तीन प्रकारचं पाणी भेटतं. पहिलं झाकलेलं: जलकुंभी, कमळाची पानं किंवा शिंगाड्याची लागवड. दुसरं अर्धं उघडं: काठाला बेशरमची झुडपं, आत हायड्रिला या पाणवनस्पतीचे पट्टे, मध्ये मोकळे खळगे. तिसरं मोकळं आणि खडकाळ, जसं चोरलसारख्या डोंगरातल्या धरणाचा उतरता काठ.

पहिल्या पाण्यात फक्त पोकळ रबरी बेडूक चालतो, बाकी काही टाकलंत तर प्रत्येक फेकीला पालाच काढत बसाल. दुसऱ्यात गळ लपवलेला शॅड, म्हणजे चपट्या शेपटीचा रबरी मासा. तिसऱ्यात शॅड किंवा ग्रब, म्हणजे आखूड अळीसारखं आमिष, उघड्या जिगहेडवर, म्हणजे डोक्याला शिसं असलेल्या गळावर, लावता येतो.

पावसानंतर काळी माती वाहून येते आणि पाणी चहासारखं होतं. तेव्हा रंगाची चिकित्सा करू नका, काळा किंवा गडद जांभळा घ्या. गढूळ पाण्यात खालून वर बघणाऱ्या माशाला आकाशाच्या उजेडावर गडद आकृतीच स्पष्ट दिसते. पाणी निवळलं की हिरवा, तपकिरी, पोट पांढरं. दुकानात ज्या चकचकीत गुलाबी छटा असतात, त्या बहुधा माणसाला पकडण्यासाठी असतात.

पोकळ बेडूक

पाच ते सहा सेंटिमीटर लांबीचा, १० ते १४ ग्रॅमचा बेडूक घ्या. यापेक्षा हलका वाऱ्यावर भरकटतो आणि पानांवर नीट बसत नाही. त्याचा जोडगळ पाठीला चिकटून वर तोंड करून असतो. म्हणून तो पाल्यावरून घसरत येतो आणि अडकत नाही.

घेताना एकच परीक्षा करा: अंगठा आणि तर्जनीत बेडूक दाबा. शरीर सहज बसलं आणि दोन्ही गळांची टोकं उघडी पडली तर घ्या. जोर लावावा लागला तर ठेवून द्या. मरळ तोंड मिटेल तेव्हा तिलाही तेवढाच जोर लावावा लागेल, आणि तो ती लावेलच असं नाही. जाड रबराचा बेडूक टिकतो जास्त, पण मासे कमी देतो.

घरी आणल्यावर तीन कामं करा. पायांच्या रबरी झालरी एक तृतीयांश कापा. लांब झालर ओढताना बेडकाला सरळ ठेवते, आखूड केली की तो डावी-उजवीकडे मान टाकत चालतो. दुसरं, पकडीने दोन्ही गळ अगदी किंचित, साधारण एक मिलिमीटर बाहेर उघडा. याहून जास्त उघडलात तर पाला धरायला लागेल. तिसरं, बादलीभर पाण्यात टाकून बघा. शेपूट खाली आणि नाक वर असं तरंगलं पाहिजे. नाक बुडत असेल तर तो पानाच्या कडेखाली घुसून अडकेल. अशा वेळी गळ बाहेर येतो त्या भोकातून मागच्या बाजूला शिशाचे एक-दोन छर्रे, एकूण दोन ग्रॅमच्या आत, सरकवा.

चार-पाच फेकींनंतर बेडूक आत पाणी घेतोच. तो दाबून रिकामा करायची सवय लावा. जड झालेला बेडूक बुडतो, आणि लोक दोष रंगाला देतात.

फेक हेरलेल्या जागेच्या दोन-तीन मीटर पलीकडे टाका. डोक्यावर आदळलेल्या बेडकाने मरळ पळते, सरकत आलेल्याने खवळते. पाल्यावरून सलग ओढत या आणि मोकळ्या खळग्यात आलात की थांबा, पाच ते दहा सेकंद. बहुतेक झडपा थांबल्यावर पडतात.

आणि झडप पडली की लगेच हिसका देऊ नका. पाणी उडताना दिसतं तेव्हा बेडूक अजून अर्धाच तोंडात असतो किंवा नुसता उडालेला असतो. रॉडचं टोक खाली करा, ढिली दोरी गुंडाळा, मनात एक-दोन म्हणा, वजन जाणवलं की मग वर सणसणीत ओढा. झडप चुकली असेल तर बेडूक जागच्या जागी सोडून थोडा थरथरवा. मरळ बऱ्याचदा परत येते.

शॅड, वर्म आणि लपवलेला गळ

अर्ध्या उघड्या पाण्यात साडेसात ते दहा सेंटिमीटरचा शॅड पुरतो. त्याची चपटी शेपूट अगदी हळू ओढली तरी हलली पाहिजे. दुकानात पाकीट उघडता येत नाही, पण शेपटीचा देठ बघता येतो. देठ बारीक आणि चकती मोठी असेल तर हळू ओढीतही ती हलते. जाड देठाचा शॅड वेगात ओढावा लागतो, आणि थंड पाण्यात वेग कामाचा नसतो.

गळ बाकदार मानेचा घ्या, ज्याला दुकानात ऑफसेट हुक किंवा वर्म हुक म्हणतात. साडेसात सेंटिमीटरच्या आमिषाला १/० किंवा २/० नंबरचा, दहाच्या शॅडला ३/० किंवा ४/०, साडेबारा सेंटिमीटरच्या जाड वर्मला, म्हणजे रबरी गांडुळाला, ४/० ते ५/०. आकड्यापेक्षा गळाचं टोक आणि दांडा यांमधली मोकळी जागा महत्त्वाची. ती आमिषाच्या जाडीच्या किमान दीडपट हवी. कमी असेल तर ओढल्यावर रबर त्या जागेत गोळा होऊन बसतं, टोक बाहेर यायला जागाच राहत नाही, आणि मासा दोन सेकंद लढून मोकळा होतो.

लावायची रीत अशी. गळाचं टोक आमिषाच्या नाकातून सरळ आत घाला आणि सहा ते आठ मिलिमीटरवर खालून बाहेर काढा. दांडा ओढत न्या, म्हणजे मानेचा बाक नाकात बसेल. आता गळ अर्धा फिरवून टोक आमिषाकडे वळवा. गळ आमिषाशेजारी सरळ लोंबता ठेवून त्याचा वाक कुठे येतो ते अंगठ्याने धरा. तिथेच, थोडंही पुढे-मागे नाही, टोक पोटातून घालून पाठीतून बाहेर काढा. शेवटी टोक पाठीच्या कातडीखाली जेमतेम लपवा, वर बोट फिरवल्यावर खुपणार नाही इतकंच.

आमिष लटकवून बघा. सुतासारखं सरळ असलं पाहिजे. जरा वाकडं असलं तर पाण्यात गरगर फिरतं, दोरीला पीळ चढतो, आणि तासाभराने रिळावरून वेटोळ्यांचा गुंता सुटतो. पुष्कळ लोक त्याचा दोष रिळाला देतात.

पुढे गोळीच्या आकाराचं शिसं सरकतं ठेवलं की तो टेक्सास रिग झाला. पाच ग्रॅम उथळ पाण्यासाठी, सात ते दहा ग्रॅम दोन मीटरपेक्षा खोल पाण्यासाठी किंवा वाऱ्यासाठी. दाट वेलीत शिसं आमिषाच्या नाकाशी काडीने किंवा रबरी अडकणीने घट्ट करा, नाहीतर शिसं पुढे निघून जातं आणि आमिष फांदीच्या पलीकडे लटकत राहतं. शॅडसाठी मात्र पोटाला तीन ते पाच ग्रॅम वजन असलेला गळ जास्त बरा, तो आमिष सरळ तोलून धरतो.

मऊ प्लॅस्टिकचा आजचा वर्म बनवला निक क्रीम नावाच्या माणसाने, अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात, १९४९ साली. आजही बासवाले त्यावर जीव टाकतात. मरळीला मात्र वर्म ही दुसरी पसंती: हिवाळ्यात, पाणी थंड होऊन ती वर यायचं टाळते तेव्हा, सावकाश बुडणारा, रबरात मीठ मिसळलेला वर्म उपयोगी पडतो. बाकी दिवसांत त्याची शेपूट फक्त लहान मासे कुरतडतात.

दोरी

इथे पैसे वाचवू नका. रॉड मध्यम असला तरी चालतो, दोरी आणि गळ मध्यम असून चालत नाहीत.

आपल्याकडचं नेहमीचं तंगूस म्हणजे एकपदरी नायलॉन. ताण आला की ते वीस टक्क्यांच्या आसपास ताणलं जातं. वीस मीटरवर हिसका दिलात तर हाताचा बराचसा जोर दोरी लांब करण्यातच जातो, आणि हाडाच्या तोंडात गळ रुतत नाही. भिजल्यावर नायलॉन थोडं पाणी पिऊन कमजोरही होतं. आटा किंवा पावाचा गोळा लावून रोहू-कटला धरणाऱ्यांसाठी तंगूस उत्तमच, उलट त्याचा ताण तिथे फायद्याचा. मरळीसाठी विणलेली दोरी घ्या, जिला दुकानात ब्रेड म्हणतात. ती जवळजवळ ताणत नाही, पाण्यावर तरंगते आणि पाल्याचा देठ कापत बाहेर येते.

बेडकासाठी ५० पाउंड, शॅडसाठी ३०. चार पदरी दोरी खरबरीत असते आणि घासली तरी तग धरते. आठ पदरी गुळगुळीत, लांब जाते, पण शिंगाड्याच्या काट्यावर लवकर सुटते. शिंगाड्याच्या तळ्यात चार पदरीच घ्या.

पाकिटावरच्या पाउंडांवर विश्वास ठेवू नका, व्यास बघा. ३० पाउंडांची खरी दोरी साधारण ०.२८ मिलिमीटरच्या जवळ असते. त्याच जाडीवर ८० लिहिलं असेल तर तो आकडा कल्पनेतला आहे. घरीच तपासा: गाठ मारून दोरी सामान तोलायच्या काट्याला बांधा, दुसरं टोक लाकडी दांड्याला गुंडाळून ओढा. ४० पाउंड म्हणजे १८ किलो. नऊ किलोला तुटली तर ती २० पाउंडांची दोरी आहे. हाताला गुंडाळून ओढू नका, ती बोट कापते.

रिळावर भरताना खाली आठ-दहा मीटर तंगूस गुंडाळा आणि त्यावर ब्रेड बांधा. नाहीतर सगळी दोरी रिळावर घसरत फिरते आणि ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की दोरी सोडणारा रिळाचा ब्रेक, खराब झाला असं वाटतं. भरताना ओल्या फडक्यात दोरी चिमटून ताण ठेवा. स्पिनिंग रिळाच्या, म्हणजे रॉडखाली लटकणाऱ्या रिळाच्या, काठापासून दीड-दोन मिलिमीटर रिकामं सोडा. काठोकाठ भरलं तर फेकताना दोन-तीन वेटोळी एकदम सुटतात, आणि ब्रेडचा गुंता तंगुसासारखा सुटत नाही, कापावाच लागतो.

दाट पाल्यात बेडूक थेट ब्रेडला बांधा. मधे लीडर, म्हणजे टोकाला वेगळ्या दोरीचा तुकडा, जोडला तर त्या गाठीत पाला अडकतो. स्वच्छ पाण्यात शॅडला मात्र ४०-५० सेंटिमीटर फ्लुरोकार्बनचा (एका पारदर्शक एकपदरी दोरीचा) लीडर लावा, ३० ते ४० पाउंडांचा. तो पाण्यात कमी दिसतो, बुडतो आणि दातांना जास्त पुरतो. प्रत्येक माशानंतर शेवटची वीतभर दोरी नखातून ओढून बघा. खरबरीत लागली की कापा आणि नव्याने बांधा.

गाठ पालोमारची. दोरी दुमडून गळाच्या डोळ्यातून घाला, दुमडलेल्या दोरीची साधी सैल गाठ मारा, पुढचा फास गळावरून किंवा आमिषावरून पलीकडे काढा, थुंकीने ओली करा आणि हळूहळू आवळा. कोरडी आवळली तर घर्षणाच्या उष्णतेने दोरी तिथेच कमजोर होते. फासाचे दोन पदर एकमेकांवर चढले असतील तर सोडून परत मारा. लीडर ब्रेडला जोडायला दुहेरी युनी गाठ: ब्रेडचे आठ वेढे, फ्लुरोकार्बनचे पाच.

रॉड आणि रीळ

आता रॉड. त्याच्या दांड्यावर तीन गोष्टी छापलेल्या असतात: लांबी, दोरीची ताकद आणि आमिषाचं वजन. तिसरी सर्वांत महत्त्वाची, आणि तीच कोणी वाचत नाही. वजन औंसात असेल तर अर्धा औंस म्हणजे १४ ग्रॅम, पाव औंस म्हणजे ७.

बेडकासाठी सात फुटी, हेवी किंवा मीडियम-हेवी (म्हणजे कडक), फास्ट ॲक्शनचा, १० ते ३५ ग्रॅमचा कास्टिंग रॉड, ज्यावर रीळ वरच्या बाजूला बसतं. शॅडसाठी साडेसहा ते सात फुटी मीडियम-हेवी स्पिनिंग, ७ ते २१ ग्रॅम. एकच घ्यायचा असेल तर सात फुटी मीडियम-हेवी स्पिनिंग, ७ ते २८ ग्रॅम, त्यावर ३००० किंवा ४००० नंबरचं रीळ आणि ३० पाउंडांचा ब्रेड. नवशिक्याने कास्टिंग रॉडवरच्या बेटकास्टिंग रिळापासून सुरुवात करू नये. पहिल्या दोन रविवारी मासे कमी आणि गुंते जास्त मिळतात.

फास्ट म्हणजे फक्त वरचा तृतीयांश भाग वाकतो, खालचा कणखर राहतो. मरळीला गळ रुतताच पाल्याबाहेर खेचावं लागतं, तिला एकदा देठांत डोकं खुपसू दिलं की संपलं. अर्ध्यापासून वाकणारा मऊ रॉड इथे मार खातो.

बाजारात दुर्बिणीसारखे मिटणारे रॉड स्वस्त मिळतात. पिशवीत मावतात हा त्यांचा एकमेव गुण. जोड जास्त, दोरी जाते त्या कड्या कमी, आणि वरचा तुकडा मोठ्या ओढीला कच्चा. दोन तुकड्यांचा रॉड घ्या. घेताना प्रत्येक कडीतून कापसाचा बोळा फिरवा. तंतू अडकला तर कडीला चीर आहे, आणि ती ब्रेड कापणार. मासा काठावर आल्यावर रॉड उभा धरून उचलू नका. सगळा भार टोकावर येतो आणि रॉड तिथेच मोडतो. जाळी वापरा किंवा दोरी हाताने धरून काठावर सरकवा.

ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या तिसऱ्या हिश्श्यावर लावा. ३० पाउंडांना साधारण साडेचार किलो, पुन्हा त्याच काट्याने मोजून. कार्बन रॉडमधून वीज वाहते, त्यामुळे वरून तारा गेलेल्या बांधावर आणि मेच्या वळिवात गडगडाट सुरू झाला की रॉड मिटवा.

आमिष ठेवायचं कसं

मऊ रबर हे बहुतेक वेळा मऊ केलेलं पीव्हीसी असतं. काही ताणखाऊ, तरंगणारी आमिषं टीपीई नावाच्या वेगळ्या रबराची असतात. ही दोन एका डब्यात ठेवलीत तर महिन्याभरात लगदा होतो. पीव्हीसीमधलं तेल साध्या कडक प्लॅस्टिकचा डबाही विरघळवतं. ज्या पाकिटात आलं त्याच पाकिटात ठेवा. मेमध्ये गाडीच्या डिकीत ठेवलेल्या शॅडच्या शेपट्या वाकतात. त्या गरम पाण्यात दहा-पंधरा सेकंद बुडवा, सरळ करून थंड पाण्यात सोडा. नाक फाटलं असेल तर झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा एक थेंब पुरतो, मात्र जागा आधी कोरडी करा.

कुठे आणि केव्हा

मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते. मरळीच्या विणीचा हंगामही पावसाळ्याचाच. पिल्लांचा नारिंगी गोळा पाण्यावर फिरताना दिसला तर त्याखाली आई-बाप पहाऱ्यावर असतात आणि काहीही हललं तरी चावतात. तिथे फेक टाकणं सोपं आहे, पण पालक गेले की बाकीचे मासे तो गोळा तासाभरात संपवतात. टाकू नका. गावतळी बहुधा सहकारी समित्यांना किंवा गटांना पट्ट्याने दिलेली असतात, आधी विचारा. सिरपूर आणि यशवंत सागर ही दोन्ही २०२२ पासून रामसर स्थळं, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागा, आहेत. तिथे पक्ष्यांच्या पायात तुटलेली दोरी अडकते. नर्मदेवर महाशीर लागला तर तो राज्याचा मासा आहे, पाण्यातच गळ काढून सोडा.

मासा लागून सुटतो तेव्हा

बेडकावर झडपा पडतात पण वजन येत नाही: हिसका लवकर जातोय, किंवा बेडूक जाड आहे. वजन येऊन दोन सेकंदांत सुटतं: गळाचं टोक बोथट. अंगठ्याच्या नखावर टेकवा, घसरलं तर कानशीने टोकाकडे तीन-चार हात फिरवा. काठाजवळ येऊन सुटतं: ड्रॅग सैल किंवा रॉड मऊ. दोरी आमिषाशी तुटून टोक कुरळं होऊन येतं: गाठ घसरली. टोक चिरफाळलेलं येतं: दात किंवा चीर पडलेली कडी. आणि टोक स्वच्छ, कापल्यासारखं आलं आणि तळ्यात शिंगाडा असेल, तर खालच्या काट्यांवर दोरी घासली. तिथे पुढच्या फेकीपासून रॉडचं टोक वर धरा, म्हणजे दोरी पानांच्या वरून येईल.